उपग्रहातला बग आणि आमची बांधी

परवा चिमूरहून बाबांचा फोन. "काय म्हणते रे तुझं सॅटेलाईट? रोवणी करू की थांबू?"

म्हटलं, बाबा, मी पुण्यात बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझ्या वाचनातली ती सॅटेलाईटं पुढच्या आठवड्याचं नाही, गेल्या चाळीस वर्षांचं सांगतात. "मग काय कामाची?" खट्! फोन बंद.

प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याला आमच्याकडे ढगच दिसणार. मायक्रोवेव्ह बऱ्याच अंशी ढगांतून पार होतात. शिवाय हवेतला ऑक्सिजन स्वतःच मायक्रोवेव्ह सोडतो, तापमानानुसार कमीजास्त. १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह हे मोजताहेत. पण वर थर्मामीटर नसतो. मिळतो तो सिग्नल, बाकी सगळा कोड!

आणि कोड म्हटला की बग आलाच. उपग्रहाची कक्षा हळूहळू सरकते. दुपारी दोनला डोक्यावरून जाणारा काही वर्षांनी चारला जातो. दोनची हवा आणि चारची हवा सारखी कशी? म्हणून दुरुस्ती करावी लागते. अलाबामाच्या स्पेन्सर आणि ख्रिस्ती यांच्या दुरुस्तीत चिन्हाची चूक होती. अधिकच्या जागी उणे! २००५ मध्ये मिअर्स आणि वेन्ट्झ यांनी ती दाखवली. दुरुस्त केल्यावर तापमानवाढीचा दर साधारण ४० टक्क्यांनी वाढला. त्या दोघांनी चूक मान्य केली, हे महत्त्वाचं. पण ती सापडली का? कच्चा डेटा जपलेला होता आणि दुसऱ्या टीमनं स्वतंत्रपणे गणित केलं होतं म्हणून.

आता आपलं बघा. १९७९ च्या भास्कर-१ वर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता. १९९९ च्या ओशनसॅट-१ वर होता. २०११ च्या मेघा-ट्रॉपिक्सवरचा 'मद्रास' जानेवारी २०१३ मध्येच बंद पडला, आणि उपग्रह मार्च २०२३ मध्ये पॅसिफिकवर पाडला. एकेक काम छानच. पण मध्ये एवढी भगदाडं, की सलग आलेख काढायचा कसा? जुना चालू असतानाच नवा वर हवा. दोघं एकच गोष्ट मोजतील तेव्हा फरक कळेल. पण त्याच उपकरणाची दुसरी प्रत पाठवली तर टाळ्या कोण वाजवणार? आमच्याकडेही नवीन फीचरला केक कापतात, मेंटेनन्सला नाही :)

ऑफिसातला मित्र म्हणतो, "अमेरिकेचा डेटा फुकट मिळतो की!" मिळतो. पण जून २०२५ मध्ये त्यांच्या लष्करी हवामान उपग्रहांचा मायक्रोवेव्ह डेटा देणं बंद करण्याची नोटीस निघाली होती. ओरड झाली, निर्णय फिरला. दर वेळी फिरेल?

जुलै २०२५ मध्ये निसार गेला. त्याचं रडार ढगांतून जमीन, जंगल बघतं. अपेक्षित आयुष्य पाच वर्षं. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या वारसाचे पैसे आत्ताच मंजूर करा.

हो, रेडिओमीटरचा एक पिक्सेल कित्येक किलोमीटरचा असतो. ताडोब्याचं जंगल, चिमूर आणि आमची बांधी, सगळं एकाच आकड्यात. त्यावरून रोवणी ठरत नाही, हे कबूल.

आज परत फोन केला. रोवणी सुरू झालीये. मामा तलावात पाणी बघून ठरवलं म्हणे.