रोट्टी फुगेल का?

"वहिनी, भोक केवढं पाडायचं?" हा फोन गेल्या महिन्यात मला तीन वेळा आला. फोन करणारे माझे धाकटे दीर, आणि ते उभे उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये. त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. मागच्या सीटा काढून त्यात झोपायला दोन बाकं, पाण्याची टाकी आणि हात-दीड हात लांबीचा स्वयंपाकाचा ओटा बसवायचा असा बेत. सौंदत्तीच्या यात्रेला जायचं, आंबोलीला जायचं, सुट्टी मिळाली तर बदामी-हंपी. ओट्याला भोक पाडायचं ते शेगडीच्या मापाचं, आणि शेगडी कुठली हेच ठरत नव्हतं.

दिरांच्या डोक्यात डिझेलची शेगडी पक्की बसली होती. गाडी डिझेलची, टाकी भरलेली. मग दुसरं इंधन वागवायचंच कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. मी मराठीची मास्तरीण, मला यातलं काय कळणार? पण घरात काही विकत घ्यायचं म्हटलं की माहिती काढण्याचं काम माझ्याकडे येतं. तेव्हा माहिती काढली.

डिझेलची शेगडी म्हणजे आपला पंपाचा स्टोव्ह नव्हे, हे आधी सांगते. तिच्यात ज्योत दिसतच नाही. एक लहानसा पंप टाकीतून थेंब थेंब डिझेल ओढतो, बंद डब्यात ते तापलेल्या कांडीवर पेटतं, पंखा जळणाला लागणारी हवा गाडीच्या बाहेरून घेतो आणि धूर पोलादी नळीतून बाहेरच जातो. वर असते सपाट सिरॅमिक काच, ती तापते. फिनलंडची वॉलास आणि जर्मनीची वेबास्टो ही यातली जुनी नावं. हे प्रकरण मूळचं थंड समुद्रातल्या लहान बोटींचं, तिथून ते युरोपातल्या कॅम्पर गाड्यांत आलं. ताकद साधारण ९०० ते १८०० वॅट, डिझेल तासाला ०.१ ते ०.२ लिटर. म्हणजे रोज तीन तास स्वयंपाक केला तरी अर्ध्या लिटरच्या आसपास भागतं. पेटताना बॅटरीतून आठ-दहा अँपिअर घेते, पण काही मिनिटंच. नंतर एक अँपिअरसुद्धा नाही. इथपर्यंत दीर खूश.

त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटली. उघड्या ज्योतीचा गॅस गाडीच्या आत जळतो तेव्हा तो आतलीच हवा खातो आणि जे काही बाहेर टाकायचं ते आतच टाकतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. आंबोलीच्या पावसात काचा बंद करून चहा-पोहे केले की गाद्या ओल्या का लागतात, त्याचं एक उत्तर हे. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की प्रवासाचा शीण आहे. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन निजलेले लोक सकाळी उठत नाहीत ते यामुळेच. आमच्या सासूबाईंना दमा आहे आणि या गाडीत त्या झोपणार, दिरांचा सहा वर्षांचा मुलगा झोपणार. बंद जळणाची डिझेल शेगडी नीट बसवलेली असेल तर हा धोका पुष्कळ कमी. मात्र "नीट बसवलेली" या दोन शब्दांवर सगळं आहे. धुराची नळी गाडीच्या पोटाखाली संपली, तिचा एक सांधा सैल राहिला, की तोच धूर फटीतून वर येणार.

एका हितचिंतकांनी मधेच सुचवलं की एवढ्या महागाचं यंत्र कशाला, माळ्यावरच्या प्रायमसमध्ये डिझेल भरा, ट्रकवाले भागवतातच की! प्रायमस स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला तो रॉकेलच्या वाफेवर चालण्यासाठी. डिझेल जड, त्याची वाफ तितकी सहज होत नाही. ज्योत पिवळी, भांडी काळी, बर्नर चोंदणार, दर दोन मिनिटांनी पिन. उघड्या माळावर नाइलाजाने एखाद्याने केलं तर केलं. गाडीच्या आत तर पंपाचा स्टोव्ह रॉकेलवरसुद्धा नको. स्टोव्हचा भडका उडाल्याच्या बातम्या वाचत वाढलेली आमची पिढी आहे. त्यातले कुठले भडके स्टोव्हचे आणि कुठले माणसांचे, हा वेगळा विषय.

इंडक्शनचंही बघितलं. १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवायची तर सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी अर्धी रिकामी व्हायला वीस मिनिटंही लागत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपलं सगळं.

तर मग डिझेलच घ्यायची असं ठरत आलं होतं. तेवढ्यात जाऊबाई बोलल्या. ती गोकाकची, मला अक्का म्हणते, आणि जे महत्त्वाचं असेल ते कन्नडमध्येच बोलते. तिने एकच विचारलं, "रोट्टी उब्बताव येन?" रोट्टी फुगतील का?

दीर हसले. मी हसले नाही, कारण चार दिवस माहिती काढून हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. आमच्या घरी दुपारी ज्वारीची भाकरी होते. आमचा तवा लोखंडी, मधे खोलगट. सपाट काचेवर तो मधल्या बोटभर जागेवर टेकणार आणि कडेला गार राहणार. शिवाय ज्योतच नाही, तर भाकरी विस्तवावर धरायची कशी?

म्हणून प्रयोग केला. डिझेलची शेगडी हाताशी नव्हती, पण शेजारच्या काकूंकडे विजेची इन्फ्रारेड आहे, तीही काचेचीच. आकडा १८०० वर ठेवला, सपाट बुडाचा तवा घेतला. पहिली भाकरी उलटेपर्यंत काच पुरती तापलेलीच नव्हती, ती कडक झाली. (डिझेलच्या शेगडीला तर तापायलाच दहा मिनिटं लागतात आणि बंद केल्यावर निवायलाही तितकीच.) दुसरी करपली, कारण आच कमी केली तरी काच लगेच ऐकत नाही. तिसरीला जाऊने पाणी फिरवून, उलटून, फडक्याने कडा दाबत तव्यावरच फुगवली. चौथीही फुगली. सासूबाई म्हणाल्या, "फुगल्या खऱ्या, पण पाच माणसांच्या पंधरा भाकरी व्हायला तिन्हीसांज होईल."

मग आम्ही वेगळा प्रश्न विचारला. आम्ही गाडीत आत बसून किती वेळा रांधणार? यल्लम्माच्या डोंगरावर पडल्या भरायच्या तर कडबू, पोळी, भाजी सगळं गाडीबाहेर, झाडाखाली, चार बायकांनी गप्पा मारत होतं. हंपीच्या उन्हात आत कोण रांधणार? आत रांधायची पाळी येणार ती फक्त आंबोलीच्या पावसात, वर्षातून दोन-तीन दिवस. तेवढ्यासाठी हजार युरोंच्या वरची वस्तू परदेशातून आणायची, आणि तिची कांडी किंवा पंप बिघडला तर उद्यमबागेत कोण दुरुस्त करणार? तिथले कारागीर काहीही बनवतात, पण सुटा भाग नसेल तर तेही हात टेकतात.

ज्यांचं म्हणणं वेगळं आहे, म्हणजे नवरा-बायको दोघंच, थंड मुलखात महिना-महिना फिरणार, भात-आमटी-सूप यावर भागणार, त्यांनी डिझेलची शेगडी जरूर घ्यावी. घेताना दोन-तीन गोष्टी बघाव्यात. जळणाची हवा खरोखर बाहेरून घेते का. उंच डोंगरावर, विरळ हवेत, काजळी धरू नये म्हणून काय सोय दिली आहे. आणि टाकीत सोडलेली नळी तळाला टेकलेली नाही ना. ती वरच राहिली पाहिजे, म्हणजे डिझेल कमी झालं की आधी शेगडी बंद पडते, गाडी नाही. गाडीच्या मूळ बांधणीत बदल असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आर.टी.ओ.ची परवानगी लागते, तीही आधी घ्यावी. हे आमच्या दिरांना उशिरा कळलं.

आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी घेतली. हे छोटे सिलिंडर २०१३ पासून खुल्या विक्रीत आहेत, घरच्या जोडणीशी त्यांचा संबंध नाही. आमच्या खाण्याला दोन आठवडे पुरेल. शेगडी सुटी, उचलून बाहेर टेबलावर मांडायची. पावसात आत पेटवली तर दार आणि समोरची खिडकी उघडी, आणि रात्री निजताना आत काहीही जळत ठेवायचं नाही, ही सासूबाईंची अट. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र झोपायच्या जागेजवळ बसवलं आहे.

फॅब्रिकेटरला अखेर भोकाचं माप दिलं. पण ते ओट्याला नाही, सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, म्हणून कप्पा आतून बंद आणि तळाला थेट रस्त्याकडे उघडा. "नव्या गाडीच्या पत्र्याला भोक पाडता?" म्हणून तो हळहळला. गाडी चौदा वर्षांची आहे.

येत्या पौर्णिमेला सौंदत्ती. तवा जुनाच घ्यायचा आहे, खोलगट.