आशाताईच्या फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

पिंपळगाव राजात काय किंवा खामगाव तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी आशाताईनं एक फॉर्म भरून न्यायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्यात असतात. मग बायांसाठी वेगळा भाग येतो. त्यात स्तनात गाठ लागते का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का आणि संबंधानंतर रक्तस्राव होतो का, हेही विचारलेलं आहे. पुरुषांसाठी मात्र असा वेगळा भाग नाही. लिंगाला ताठरता येते का, टिकते का, हा प्रश्न त्या कागदावर कुठंच नाही. तो असायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हे, झाकली मूठ झाकलेलीच बरी. पण संबंधानंतर रक्त जातं का हे सासू-सुना असलेल्या घरात सरकारी कागदावर विचारलं जातं, बायका उत्तरं देतात, आणि गावाची अब्रू शाबूत राहते. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेवर सापडावा म्हणून तो प्रश्न आहे, हे सगळ्यांना पटलंय. म्हणजे शालीनतेचा नियम सरसकट नाही. तो फक्त गड्यांच्या सोयीनं लावला जातो. खरी अडचण शब्दाचीच आहे. आपण या तक्रारीला ‘नपुंसकत्व’ म्हणतो. व्याकरणात जे पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, ते नपुंसकलिंग. शुगर वाढली म्हणून कुणाचं लिंग बदलत नाही, पण एका रक्तवाहिनीचा आजार झाला की आपली भाषा माणसाला पुरुषांतूनच उठवते. मग तो दवाखान्यात तोंड कशाला उघडेल? शिवाय मूल न होणं आणि ताठरता न येणं या दोन निराळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबल्यात, आणि वांझपणाचा बोल तरीही बाईच्याच माथी.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: हे सगळं मनाचं असतं, नाहीतर वयाचं. अर्धं खरं आहे. तरुण पोराला पहाटे ताठरता येते आणि ऐनवेळी येत नाही, तेव्हा बहुतेकदा भीतीच आडवी आलेली असते. चाळिशीनंतर हळूहळू वाढत गेलेल्या तक्रारीचं मूळ मात्र बरेचदा रक्तवाहिन्यांत असतं. ताठरता म्हणजे लिंगात रक्त भरून ते तिथं थांबणं. त्यासाठी धमन्या सैल पडाव्या लागतात, आणि त्यांना सैल करणारा निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू पोचवतो. रक्तवाहिन्यांतलं या वायूचं काम शोधणाऱ्या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं. साखर, तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब धमन्यांचं अस्तर खराब करतात. मग निरोप पोचत नाही आणि चरबीचा थरही साचू लागतो. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला पुढचं समजावून सांगायला नको. क्षाराचं पाणी असलं की आधी ड्रिपर बुजतात, मेनलाइनला वेळ लागतो. म्हणूनच पुष्कळ रुग्णांत ही तक्रार छातीत कळ येण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू झालेली आढळते. प्रत्येकाला पुढं हृदयविकार होतोच असं नाही. पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला याहून मोठं कारण कोणतं हवं? ‘वयच झालं’ म्हणून ती सूचना सोडून द्यायची, तर मोतीबिंदूही वयानंच होतो. त्याची शिबिरं आपण भरवतोच ना?

कापसाला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्हाला हे सुचतंय, असंही कुणी म्हणेल. घरातला कमावता माणूस पन्नाशीच्या आत छाती धरून कोसळतो तेव्हा पुढच्या पेरणीचं काय होतं, हे त्यांनीच सांगावं.

आता राहिला अश्लीलतेचा मुद्दा. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरं दिली. त्यापायी खटला झाला. १९३४मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड भरावाच लागला. शंकेला उत्तर दिलं की समाज बिघडतो, ही समजूत तेव्हापासून टिकून आहे. पण उत्तर देणाऱ्याला गप्प केल्यानं शंका मिटली का? तिला गिऱ्हाईक समजणारे तेवढे उरले. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, तरी ‘गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज’ भिंतीभिंतीवर रंगवलेलं असतं. जडीबुटी म्हणून विकलेल्या चूर्णांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं अनेक देशांच्या तपासण्यांत सापडलंय. ही गोळी वाईट नाही. डॉक्टरनं दिली तर ती उपयोगीच आहे. पण हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्यानं ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पुडी विकणारा हे विचारत नाही, आणि घेणाऱ्याला पुडीत काय आहे हे ठाऊक नसतं. उघड बोलल्यानं या औषधांचा बाजार वाढेल, अशी ज्यांना भीती वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावं: तो बाजार आपल्या गप्प बसण्यावरच चालतो.

शेवटची हरकत व्यवहाराची आहे आणि ती मला मान्य आहे. आशाताईनं परक्या गड्याला हे कसं विचारायचं? तिला नकोच पाठवायला. उपकेंद्रात पुरुष आरोग्यसेवक असतो. फॉर्मचं ते पान त्यानं भरावं. शुगर-बीपीच्या गोळ्या न्यायला माणूस दर महिन्याला ओपीडीत येतो, तेव्हा पायाला मुंग्या येतात का, हे डॉक्टर विचारतातच. त्याच दमात, त्याच आवाजात पुढचं वाक्य: “या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांना ताठरतेचा त्रास होतो, तुम्हाला आहे का?” काहींना हा त्रास रक्तदाबाच्या एखाद्या गोळीमुळंही होतो. तो गडी कुणाला न सांगता ती गोळी परस्पर बंद करतो, आणि केसपेपरवर मात्र ‘औषध चालू’ असंच लिहिलेलं राहतं.