फासाची घाई

२०२३ च्या जून महिन्यात मीरा रोडच्या एका इमारतीत एका स्त्रीच्या मृत्यूचा भयंकर प्रकार उघडकीस आला, तेव्हा आमच्या मीरा-भाईंदरात एकच भाषा ऐकू येत होती : खटला कशाला, भर चौकात फाशी द्या. ही भाषा बाजारात होती, लोकलच्या डब्यात होती, आणि मिस्सा आटोपून देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या धर्मजनांच्या तोंडीही होती. बाजाराला आम्ही दोष देत नाही. परंतु ‘खटला कशाला’ हे ख्रिस्ताच्या शिष्याने कसे म्हणावे? पिलाताच्या वाड्यापुढील जमावाचे म्हणणे याहून निराळे काय होते?

असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांना आम्ही सोलापूरची आठवण देऊ इच्छितो. कारण याच मंडळींपैकी अनेकांना सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा सार्थ अभिमान आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात लोकक्षोभ उसळला. ८ मे रोजी पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे पडली, आणि चवताळलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली. त्या दंग्यात पोलीस शिपाई मारले गेले. लगोलग शहरावर मार्शल लॉ लादला गेला. या हत्येच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना दोषी ठरविण्यात आले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. वय जेमतेम विशीचे. धनशेट्टींनी तर त्या दिवशी जमावाला आवरण्याचाच प्रयत्न केला, असे सोलापूरकर आजवर सांगत आले आहेत. चौघांवरील खुनाचा ठपका त्या शहराने कधीच मान्य केला नाही.

त्या काळचा फौजदारी कायदाही ध्यानात घ्यावा. खून शाबीत झाला की फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद होता. फाशी का दिली नाही, याचेच कारण न्यायाधीशाला लिहावे लागे. ही तरतूद १९५५ साली गेली. १९७३ च्या संहितेने उलट फाशीसाठी खास कारणे देणे बंधनकारक केले आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरती मर्यादित केली.

आता आमचा प्रश्न. आपण या चौघांना हुतात्मा म्हणतो, हार घालतो, आणि तेवढ्यावर थांबतो. त्यांच्यावरील आरोप खरा होता की खोटा, हे हाराखाली झाकून जाते. खोटा होता असे आपण मानीत असू, तर येरवड्यात जे घडले तो केवळ परक्या सत्तेचा सूड नव्हता. ती निकालातील चूक होती, आणि दोराने ती दुरुस्तीपलीकडे नेली. फाशीनंतर चौदा दिवसांनी, २६ जानेवारी १९३१ रोजी, गांधीजींची सुटका झाली. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. त्या कराराने हिंसेच्या गुन्ह्यातील कैदी सुटले नसते, हे आम्ही जाणतो. पण हे चौघे जिवंत असते. आणि जिवंत माणसाच्या खटल्याची कागदपत्रे पुन्हा उघडता येतात.

यावर ठराविक उत्तर येते : ते इंग्रजांचे राज्य होते, आता न्यायालये आपली आहेत. ठीक आहे, आपलेच उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात २००३ साली झालेल्या एका हत्याकांडाबद्दल भटक्या जमातींतील सहा गरीब माणसांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने प्रथम पोलिसांच्या छायाचित्रांतून निराळ्याच माणसांना ओळखले होते. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षे गेली ती गेली. तरी घेणारा हात शिल्लक होता. आमच्या ‘भर चौकात’वाल्यांचे चालले असते तर ही भरपाई कोणाच्या पदरात घातली असती?

‘तुम्ही धर्मगुरू, तुम्हांला दया सुचणारच,’ असेही आम्हांला ऐकविले जाते. दयेविषयी बोलण्याचा आमचा हक्क आम्ही सोडणार नाही. पण येथे आम्ही दया मागतच नाही, पुरावा मागतो आहोत. शिवाय ख्रिस्तसभेला ही शहाणीव फुकट मिळालेली नाही. पोपच्या राज्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत जल्लाद पदरी होता, आणि व्हॅटिकनच्या कायद्यातून मृत्युदंड गेला तो १९६९ साली. १९९५ च्या परिपत्रात संत दुसरे जॉन पॉल यांनी मृत्युदंडाची गरज आता जवळजवळ उरलेली नाही असे शिकविले, आणि २०१८ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद क्र. २२६७ बदलून तो सर्वथा अग्राह्य ठरविला. ज्यांना हा परिच्छेद मान्य नाही, त्यांनी तसे उघड म्हणावे. वेदीपुढे गुडघे टेकून फाटकाबाहेर बरब्बाची बाजू घेऊ नये.

मेलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. मंगळवार पेठेतील ते शिपाई याच मातीतले, पोटासाठी पट्टा बांधलेले. चौघांच्या फाशीने त्यांना न्याय मिळाला असे कोणास वाटते? खरे मारेकरी हे चौघे नसतील, तर त्या शिपायांचा खून आजही उलगडलेला नाही; फाशीने तपासाचे दार तेवढे बंद झाले. चुकीचा माणूस लटकला की मृताचीही दुसऱ्यांदा फसवणूक होते, हे सूड मागणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

येत्या १२ जानेवारीस आमच्या धर्मग्रामात सकाळची मिस्सा सोलापूरच्या या चौघांसाठी आणि त्या चौकीत मेलेल्या शिपायांसाठी, दोघांसाठी एकत्रच अर्पण केली जाईल. फाशीची घोषणा देणाऱ्या आमच्या धर्मजनांनी त्या दिवशी पुढच्या बाकांवर बसावे, असे आमचे त्यांना निमंत्रण आहे.