मोठ्या चाकूचा मोह

मिटलेला असताना सव्वानऊ इंच, उघडल्यावर पावणेसतरा. कोल्ड स्टील या अमेरिकी कंपनीचा ‘एस्पाडा एक्सएल’ हातात आला की माणूस आधी हसतो, मग उगाचच उघडमीट करत बसतो. नुसते पातेच साडेसात इंचांचे. घराणे स्पेनच्या नवाहा चाकूंचे. अल्बासेतेच्या कारागिरांनी नावारूपाला आणलेल्या त्या चाकूंच्या दातेरी खटक्याची करकर प्रसिद्ध होती. एस्पाडा एकदाच ‘खट्ट’ करतो, पण तेवढ्यावर भुलणारे आपल्यात कमी नाहीत. बचाव पथकाच्या सामानात असा एक असावा, अशी भाषा आता ऐकू येते, म्हणून हे लिहिणे.

खटक्याला नावे ठेवायला जागा नाही. अँड्र्यू डेम्कोच्या या ट्राय-ॲड रचनेत पात्याची मुळी आणि मागची पट्टी यांच्यामध्ये एक आडवी खीळ बसवलेली असते. पात्यावर जोर आला की तो पट्टीच्या नाजूक खाचेवर न येता खिळीवर जातो. झीज झाली तरी पट्टी थोडी आणखी खोल बसते आणि पाते डगमगत नाही. साध्या बॅक-लॉकमध्ये ही सोय नसते.

पण घडीचा चाकू कितीही धिप्पाड केला तरी त्याचा सांधा राहतोच. पाते लांबले की त्या सांध्यावरची तरफही लांबते. पावसाळ्यात सह्याद्रीतली तांबडी माती सांध्यात शिरली की तो साफ करायला स्क्रू काढावे लागतात, आणि धुवांधार पावसात ते कोण करणार? करवंदीच्या जाळ्या तोडायच्या तर गावातल्या लोहाराचा कोयता आहे. त्याला सांधाच नाही आणि धार लावायला दगड पुरतो.

खरी भीती वेगळीच आहे. एस्पाडाच्या पात्याच्या पाठीवर अंगठ्यासाठी एक चकती आहे. चाकू बाहेर ओढताना ती खिशाच्या कडेला अडकली की पाते आपसूक उघडते. दुकानात हे पाहून टाळ्या पडतील. कड्यावर मात्र कमरेला हार्नेस, स्लिंग आणि शेजारून गेलेला दुसऱ्याचा दोर असतो. भार पेललेल्या नायलॉनच्या दोराला धारदार पात्याचा ओझरता स्पर्शही पुरतो. बरे, मिटताना ती ताठ पट्टी अंगठ्याने दाबायची आणि बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवायची. ओल्या, गारठलेल्या हातांनी हे करून पाहावे.

दोर कापायला पेट्झलचा ‘स्पाथा’ ४३ ग्रॅमचा आहे. पात्याचा काही भाग दातेरी, हातमोजे घालूनही उघडतो आणि सांध्याच्या भोकातून कॅराबिनरला लटकवता येतो. आमची पसंती त्यालाच.

कायद्याचेही बघा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेले तेवढे वगळले आहेत. एस्पाडा लांबीने त्या मर्यादेच्या आत बसतो, हे खरे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघाला असेल, तर एसटी स्टँडवर सॅक उघडून दाखवताना ‘हा ट्रेकिंगचा आहे’ हे पटवणे अवघड जाईल.

ज्यांना हौस आहे त्यांनी स्वतःच्या पैशाने खुशाल घ्यावा आणि घरी ठेवावा. पथकाच्या निधीतून नको.