आधी ब्रेक, मग रंग

नातवाला कॉलेजला न्यायला माझी जुनी अ‍ॅटलास हवी आहे. दोन हजारांत ती उभी करायची असं ठरलंय. त्याची यादी सीट, मडगार्ड आणि रंगापासून सुरू होते, माझी ब्रेकपासून!

अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी अडत नाही. या काळ्या सायकलींचे बरेचसे भाग एकमेकींना चालतात. फक्त स्वस्त मिळते म्हणून २६ ची रिम घेऊ नये. आपली चाकं २८ ची. शिवाय दांड्याच्या ब्रेकचं रबर रिमला आतून, तारांच्या बाजूने टेकतं. रिम बदलली की टायर बदला, ब्रेक बदला... मग बचत कसली?

छर्रे मात्र सगळे नवे घालावेत, जुन्यात नवे मिसळू नयेत. कॉटरही नवे. फ्रेम आणि हब शाबूत असतील तर हात लावू नका, गंज घासून तेल द्या.

पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक तसाही उशिरा लागतो. पंचवटीतून गोदावरीच्या पुलाकडे उतरताना पोराच्या हातात झिजलेलं रबर, आणि मागे चकचकीत मडगार्ड? मला नाही पटत. रंगाचं दिवाळीनंतर बघू.