वाऱ्याला भ्यायचं, रस्त्याला नाही!

हे वाचून आमचे आजोळकर चिडणार, हे आधीच मान्य करून टाकतो. पण गेल्या डिसेंबरपासून पोटात ठेवलंय. आता बोलतोच.

माझं आजोळ सिद्धेश्वर. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. पूर्णा नदीवर येलदरीच्या खाली जे दुसरं धरण आहे ना, तेच गाव. मराठवाडा म्हटलं की पुण्यामुंबईच्या मित्रांना फक्त ऊन आठवतं. पण शेजारच्या परभणीत २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. धरणाकाठी तर पहाटे पाण्यावरून धुकं उठतं, आणि गाडीवर बसलं की वारा नुसता चावतो.

या थंडीत गाडीवर निघायची आमच्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. आधी माकडटोपी. तिच्यावरून पांढरा बागायती रुमाल, नाक-कान झाकून मागे घट्ट गाठ. स्वेटरच्या आत छातीवर पेपरची घडी. उघडे राहतात ते फक्त डोळे. हिंगोलीला अपडाऊन करणारे गुरुजी असोत की दूध घालायला निघालेला पोरगा, सगळे सारखेच दिसतात. आणि हेल्मेट? ते घरी खुंटीला. नाहीतर गाडीच्या आरशाला. पोलीस दिसले की डोक्यावर.

मी एकदा मामांना म्हणालो, "मामा, हेल्मेट घालत जा ना. वारा तरी लागणार नाही."

मामा म्हणाले, "कामून? रुमाल हाय की! तोंडावरून वारं गेलं म्हंजे तुझं हेल्मेट काय करतंय?"

तोंडावरून वारं जाणं म्हणजे तोंड वाकडं होणं. डॉक्टर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याच्या नसेला सूज येते, आणि बऱ्याचदा त्यामागे विषाणू असावा असं मानतात. गार वाऱ्याने ते होतं हे काही सिद्ध झालेलं नाही. पण त्याबद्दल मामांशी भांडायचं नाहीये मला. माझं भांडण वेगळं आहे. न दिसणाऱ्या वाऱ्याला आपण एवढे भितो की तोंडाला दोन-दोन पदर गुंडाळतो. आणि समोर दिसणाऱ्या डांबराला, खड्ड्याला, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मात्र अजिबात भीत नाही!

बरं, वाऱ्यापुरतं बोलायचं तरी रुमाल कच्चाच. अमेरिका-कॅनडाने २००१ साली गार वाऱ्याचं एक सूत्र स्वीकारलं. त्यात आकडे घालून बघा. हवा ८ अंश असताना ताशी ५० किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ती साधारण ३ अंशांसारखी लागते. रुमालाच्या विणीतून हा वारा आत येतोच. शिवाय नाकातोंडातल्या वाफेने रुमाल ओला होतो. उन्हाळ्यात पाण्याच्या कॅनला आपण ओलं फडकं कशाला गुंडाळतो? गार व्हावं म्हणून! तेच फडकं हिवाळ्यात तोंडाला गुंडाळून आपण ऊब शोधतो. डोळे उघडेच, त्यातून पाणी वाहतं आणि समोरचं दिसत नाही, ते वेगळंच.

याउलट पूर्ण तोंडाचं हेल्मेट. काच खाली केली की वारा बंद. आत थर्माकोलचा जाड थर, आईसबॉक्सला असतो तसलाच. हाडं वाचवायला घातलेला, पण ऊबही धरून ठेवतो. काचेवर वाफ धरते हे खरं. बोटभर फट ठेवली की जाते. आत पातळ सुती माकडटोपी घाला, मान मफलरने झाका आणि मफलरची टोकं जर्किनच्या आत खोचा, चाकात जायला नकोत. "हेल्मेटमध्ये मागचं ऐकू येत नाही" असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. लोकर आणि वर रुमाल बांधलेल्या कानांना काय ऐकू येतं हो?

पण हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

गेल्या डिसेंबरात आम्ही पहाटे दोन गाड्यांवर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालो. मामेभाऊ पुढे, त्याची पाच वर्षांची लेक टाकीवर. तिच्या डोक्यावर एक कानटोपी, बस. औंढ्याला उतरलो तेव्हा पोरीचे गाल लाकडासारखे झाले होते. डोळ्यांतून पाणी, ओठ थरथरत होते, तिला बोलताच येईना. आणि बापाने रुमाल सोडत खुशीत सांगितलं, "आज थंडी काय वाजलीच नाही!"

कशी वाजेल? पुढे लेकरू होतं ना वारा खायला!

तो वाईट बाप नाही. पोरीसाठी जीव टाकतो. लेकरू पुढे, दोन हातांच्या मध्ये सुरक्षित, असं त्याला मनापासून वाटतं. माझ्या वडिलांनाही वाटायचं, आणि मीही तसाच टाकीवर बसून वाढलोय. पण जोरात ब्रेक लागला तर हँडलवर आधी कोण आपटणार?

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट हवं, चालकाला बांधलेला पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत हवा. पण कायद्याचं नाव काढलं की आपल्याला फक्त पावती आठवते. म्हणून थंडीचं निमित्त करून सांगतोय. निदान उबेसाठी तरी घाला!

असो. संक्रांतीला मी सिद्धेश्वरला येतोय. तिळगुळाबरोबर पोरीच्या मापाचं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट आणतोय. मामा, माझ्यावर खुशाल रागवा. पण तिला टाकीवरून खाली उतरवा.