आजीचे 'तीन'

गेल्या वर्षी माझ्या आजीचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर आली आणि अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत विचारलं, "अज्जी, नोवु एष्टु? दहापैकी किती?" आजी म्हणाली, "तीन." सिस्टरने तीन लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

रात्री मी उशाशी होते. आजी चादरीचं टोक दातात धरून पडली होती. "मग तीन का सांगितलंस?" तर म्हणते, "त्या पोरीला एवढी माणसं बघायची असतात गं. आणि दहा म्हणजे क्रूस. माझं कुठलं दहा?"

शून्य ते दहाच्या पट्टीवर दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट दुखणं. पण कल्पना कुणाची? गुड फ्रायडेला दरवर्षी क्रूसाची वाट चालणाऱ्या बाईची कल्पना ती पट्टी करणाऱ्यांनी केली नसणार.

शिवाय ही पट्टी फक्त तीव्रता मोजते. माणूस दुखणं मनात कसं पेलतो हे मोजायला वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. सलिव्हन आणि सहकाऱ्यांची १९९५ची प्रश्नावली खूप वापरली जाते. तिच्यात १३ वाक्यं, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण ५२ गुण. दुखण्याचाच विचार घोळत राहतो का, ते फुगवून पाहिलं जातं का, आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं का, हे त्यातून कळतं. ऑपरेशनआधी हा आकडा मोठा असला तर नंतरचं दुखणंही जास्त जाणवतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे मोजणं फालतू नाही. आधी कळलं तर मदत आधी देता येते.

माझं भांडण दुसऱ्या एका प्रश्नावलीशी आहे. रोझेनस्टील आणि कीफ यांनी १९८३ मध्ये ती जुनाट पाठदुखीच्या रुग्णांवर तपासली. तिच्यात लक्ष दुसरीकडे वळवणं, स्वतःला धीर देणं वगैरे कप्पे आहेत, आणि 'प्रार्थना किंवा आशा' असा एकच कप्पा. पुष्कळ संशोधक हा कप्पा 'निष्क्रिय' बाजूला टाकतात. आता आजीचं बघा. फिजिओथेरपीवाला गुडघा वाकवायला आला की ती रोझरी हातात घ्यायची आणि म्हणायची, "दहा मणी होईपर्यंत वाकव, मग सोड." ही प्रार्थना, की लक्ष वळवणं, की स्वतःच वेळ ठरवून घेणं? मला तरी यात निष्क्रिय काही दिसत नाही.

पण आपल्या माणसांनाही थोडं बोलायला हवं. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, "देवाला अर्पण करा, बाय." त्या श्रद्धेला मी हसत नाही, मीही तीच शिकले. पण दुखतंय हे लपवलं की गोळी वेळेवर मिळत नाही, गोळी नाही तर गुडघा वाकत नाही, आणि वाकवला नाही तर तो आखडतो. आजी वॉकर धरून उभी राहिली ती ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा. त्या 'तीन'ची किंमत ती.

साहित्याच्या मुलांचा इथे काय संबंध, असं वाटेल. मेल्झॅकने १९७५ मध्ये दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली छापली. शब्द गोळा करायचे आणि लावायचे, हे आपलंच काम की! ठणका, कळ, चमक, सणक, आग, ठसठस, ओढ: हे शब्द आपल्या आज्यांकडे आहेत आणि नर्सिंगच्या मुलींना ते हवेत. त्यातल्या कितीतरी मुली घरी कन्नड बोलतात. मंडळाने या वर्षी एक शनिवार त्यांच्याबरोबर बसावं, असं मी सुचवते. एक प्रश्न तर आजच ठरवता येईल: "दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?" आकडा नंतर विचारा.

जूनमध्ये आजीचा डावा गुडघा आहे. मी तिला बजावलंय की दहा म्हणजे क्रूस नव्हे, दहा म्हणजे तुझ्या पहिल्या बाळंतपणाच्या कळा. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तसं असेल तर तेव्हा सहा होते बघ. साडेसहा."